अर्ध्या मोडेमची सोयरीक

माणूस चोर असावा आणि ते त्याला ठाऊक नसावं, यासारखं सुख नाही. मी ते सुख बरीच वर्षं उपभोगलं. दादू शिवलकरने ते हिरावून घेतलं, तेही माझ्याच घरात, माझ्याच आरामखुर्चीत बसून, माझ्याच वाटणीची चकली खात.

"अण्णा, ह्या कॉम्प्युटरातलं विंडोज तू विकत घेतलंस काय रे?"

"विकत कशाला? कॉम्प्युटरवाल्याने घालून दिलान. वर माउसखालची गादीपण फुकट दिलीन."

"म्हणजे चोरीचं!" दादूने उरलेली चकली माझ्यावर रोखली.

स्वयंपाकघरातून आमची सगुणा बाहेर आली. "चोरीचं? अहो, मग ते देवघराच्या भिंतीला लावून काय ठेवलंत?"

मी जन्मात एसटीतून विनातिकीट गेलो नाही. गर्दीत कंडक्टर विसरला तर मी त्याच्या मागे लागून तिकीट घेतलेलं आहे, आणि त्या नादात माझा थांबा मागे गेलेला आहे. अशा माणसाला त्याच्या बायकोसमोर चोर म्हणणं म्हणजे काय, हे ज्यांना प्रामाणिकपणाची सवय नाही त्यांना कळायचं नाही.

दादू हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. त्याच्या वर्गात एकही प्रयोग कधी धड झाला नाही. परीक्षानळी फुटली, वर्ग धुराने भरला, पहिल्या बाकावरची मुलं खोकत व्हरांड्यात गेली, तरी हा शांतपणे फळ्याकडे वळून म्हणायचा, "निष्कर्ष लिहून घ्या." निवृत्तीनंतर निष्कर्ष लिहून घेणारं कोणी उरलं नाही, म्हणून तो माझ्याकडे येतो. त्या आठवड्यात तो कुठल्याशा शिबिराला जाऊन आला होता. छातीवर पेंग्विन छापलेला बनियन आणि पिशवीत लिनक्सच्या सीड्या, असा परतला.

"लिनक्स!" तो म्हणाला. "फुकट. चोरीचं नाही. व्हायरस नाही. जगभरच्या हजारो लोकांनी एक पै न घेता मिळून लिहिलंय. सगळ्यांचं आहे, कुणा एकाचं नाही."

इथेच मी सावध व्हायला हवं होतं. कोकणात जे सगळ्यांचं असतं त्याचं काय होतं, हे मोजणी खात्यात जन्म घालवलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. सामाईकातल्या फणसाला फणस धरले की मुंबईपासून हिस्सेदार येतात. तोच फणस वादळात कौलांवर पडला की त्याला मालक सापडत नाही.

सगुणा दादूच्या छातीकडे निरखून बघत होती. "हा पक्षी खातो काय?"

"मासे."

"मग घरात घ्यायला हरकत नाय," ती म्हणाली आणि आत गेली. आमच्या घरातला तांत्रिक विचारविनिमय एवढाच झाला.

आता खालच्या मजल्यावरची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढच्या अनर्थाचं गांभीर्य कळायचं नाही. रत्नागिरीत मांडवीला आमच्या खाली बिल्किस होडेकर राहते. तिचा नवरा युसुफ मस्कतला टगबोटीवर आहे. दर शुक्रवारी नमाज झाली की युसुफ तिकडच्या कॅफेत बसतो, इकडे बिल्किस आणि तिच्या मुली अलफिया आणि झोया आमच्याकडे वर येतात, आणि माझ्या मुलाने मुंबईहून पाठवलेल्या कॅमेऱ्यासमोर दाटीवाटीने बसतात. युसुफ पडद्यावर हप्त्याहप्त्याने दिसतो. आधी टोपी येते, मग मिशी, आणि हनुवटी यायच्या आत फोनलाइन तुटते. पण दिसतो.

येत्या शुक्रवारी मात्र साधी खुशाली नव्हती. अलफियाला चिपळूणचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा तहा, ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान. सगळ्यांना पसंत होता, फक्त युसुफने बघायचा राहिला होता.

"फोनवर काय ओ, गोड सगळेच बोलतात," बिल्किस म्हणाली. "हे बोलले, मला पोरगा दिसायला हवा. बसतो कसा, उठतो कसा, ते बघून मी हो का नाय ते सांगतो. शनिवारी हे दर्यात जातात, मग पावसाळ्याच्या तोंडावरच खबर. आणि चिपळूणवाल्यांना संगमेश्वरची दुसरी मुलगी सांगून आलेली हाय. थांबतील काय ते? अण्णा, शुक्रवारी तुमचा कॉम्प्युटर चालेल ना?"

"अगो, चालेल म्हणजे काय!" मी म्हणालो.

माणसाने असं बोलू नये. आणि बोललाच, तर दादूला घरात घेऊ नये.

"लग्नासारखी पवित्र बोलणी," दादू मंगळवारी सकाळी दारातूनच म्हणाला, "चोरीच्या विंडोजवर करणार तू? उद्या त्या पोरीच्या संसाराला काय झालं तर? दोन तासांचं काम आहे."

सगुणाने कॉम्प्युटरसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, की बा देवा, जुन्याला सुखाने जाऊदे, नव्याला चांगल्या पायगुणाने येऊदे, आणि मध्ये ह्यांना काय करू देऊ नको. शेवटची मागणी देवाने ऐकली असती तर ही हकीकत लिहावी लागली नसती.

सीडी घातली. इंग्रजी पाट्या धडाधड सरकल्या आणि मग पडद्यावर एक लांब, रंगीत पट्टी आली. दादू म्हणाला, "ही तुझी हार्ड डिस्क. आता हिची वाटणी करायची. नाहीतर सरळ सगळं पुसून टाकूया."

वाटणी! माझ्या अंगात तीस वर्षांची नोकरी उभी राहिली. "हो बाजूला," मी म्हणालो. "पुसून कसं टाकशील? आत कूळ बसलंय. चोरीचं असलं तरी इतकी वर्षं वहिवाट आहे त्याची. कूळकायद्याने त्याला काढता यायचं नाही."

"मग त्याला थोडी जागा ठेव आणि—"

"थोडी नाही. वाटणी समान झाली पाहिजे. एका बाजूला वीतभर कमी पडली की नातवंडं कोर्टात जातात." मग मी पट्टीवरच्या तिसऱ्या तुकड्याकडे बोट दाखवलं. "हे स्वॅप काय आहे?"

"ती तात्पुरती जागा. काम चालू असताना सामान ठेवायला, उचलायला."

"म्हणजे खळं! भात झोडायला सगळ्यांचं मिळून." जिल्ह्यातले निम्मे दावे खळ्यावरून होतात हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मी खळ्यालाही बरोबरीचा हिस्सा दिला. तीन सारखे तुकडे, सरळ हद्दी, कुणाचा बांध कुणाच्या अंगणात नाही. इतकी स्वच्छ वाटणी नोकरीत माझ्या हातून एकदाही झाली नव्हती. मी समाधानाने बटण दाबलं.

हद्द विंडोजच्या माजघरातून गेली होती. कुळाचं देवघर लिनक्सकडे आणि न्हाणीघर खळ्यात, असा प्रकार झाला. ते पुन्हा उठलं नाही.

लिनक्स मात्र उभं राहिलं. निळं आभाळ, खाली पेंग्विन, गुळगुळीत चित्रं, पत्त्यांचे डाव तर विंडोजपेक्षा अधिक. दादूच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या हातून काहीतरी यशस्वी होताना मी प्रथमच बघत होतो, त्यामुळे मलाही जरा भरून आलं.

"आता इंटरनेट लाव," मी म्हणालो.

तिथून पुढे आभाळच तेवढं निळं राहिलं.

मोडेम दिसेना. मशीनच्या पोटात तो होता, त्याला फोनची वायर होती, पण लिनक्स म्हणे असं कुणी इथे राहत नाही. कॅमेराही राहत नाही. आवाजाचं कार्ड राहतं, पण ते बोलत नाही. दादूने मोडेमचा नंबर वाचला आणि त्याचा चेहरा फुटलेल्या परीक्षानळीसारखा झाला.

"अण्णा, हा अर्धाच मोडेम आहे."

"अर्धा म्हणजे?"

"स्वस्तातले मोडेम अर्धेच करतात रे. उरलेला अर्धा प्रोग्राम असतो. तो विंडोजात होता."

म्हणजे मी जो निम्मा भाग वाटणीत गाडला, त्यात मोडेमचं डोकं होतं.

"मग लिनक्सचा अर्धा आण."

"मिळतो ना. इंटरनेटवर आहे."

"आणि इंटरनेट कसं लावू?"

"मोडेम चालला की लागतं," दादू म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याला आपलं आपणच ऐकू आलं असावं, कारण तो चपला शोधू लागला.

बुधवारी आम्ही एसटी स्टँडाजवळच्या कॅफेत गेलो. तिथे कॅमेरा नव्हता, आणि गेमात माणसं मारणाऱ्या पोरांच्या मध्ये बसून मुलीची बोलणी करायला चिपळूणची माणसं काय, कुणीच आलं नसतं. पण प्रश्न विचारायची सोय होती. जगभरचे लिनक्सवाले एकमेकांच्या अडचणी सोडवतात अशी एक जागा दादूला ठाऊक होती. त्याने अडचण मांडली, आणि जर्मनीहून की कुठून तरी कुणा सज्जनाचं उत्तरही आलं. हे आधी विचारून झालेलं आहे, आधी माहितीपत्रक वाचा, आणि कुठली आवृत्ती ते सांगितल्याशिवाय पुन्हा येऊ नका. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आयुष्यभर मी खिडकीच्या आत बसून लोकांना हेच सांगत आलो होतो. फरक एवढाच, की मी निदान "जेवणाच्या सुट्टीनंतर या" म्हणायचो, थोडी आशा शिल्लक ठेवायचो.

अर्धा मोडेम मात्र तिथे खरंच मिळाला. दादूने तो सीडीवर घालून घेतला. घरी येऊन मी तो चढवायला गेलो, तर लिनक्स म्हणालं: परवानगी नाही.

घर माझं. टेबल माझं. मशीन माझं. परवानगी नाही!

"मालकाचा परवलीचा शब्द द्यावा लागतो," असं दादूने जाताजाता सांगितलं होतं. "मी ठेवलाय एक. उद्या येऊन घालतो." आणि तो उद्या आलाच नाही, कारण शिमगा सुरू झाला होता. त्याच्या गावी, संगमेश्वराच्या आत कुठेतरी, ग्रामदेवतेची पालखी घरी यायची होती. पालखी दारात यायची आणि कोकणी माणूस घरी नाही, असं होत नाही. त्याला तुरुंगातूनही सोडतात. विंडोज घालून देणारा कॉम्प्युटरवालादेखील दुकानाला कुलूप लावून पालखीलाच गेला होता. दादूच्या वाडीत फोन नव्हता. उभ्या रत्नागिरीत त्या दिवशी दोनच गोष्टी चालू होत्या, एक ढोल आणि दुसरं माझं निळं आभाळ.

गुरुवारी सल्ले आले. समोरचा शिवा नाखवा म्हणाला, बोटीचं इंजिन असं अडलं की आम्ही त्याला दोरीने ओढून चालू करतो, बघा करून. शेजारच्या गोदूबाईंनी मशीनची दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका सगळ्यांना लागला, मशीनला लागला नाही. बँकेत असलेल्या शेजाऱ्याने, "मी तुम्हाला तेव्हाच म्हणणार होतो," एवढंच सांगितलं. तो तेव्हा काहीच म्हणाला नव्हता. जिन्यात बिल्किस भेटली. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघून खाली गेली, आणि थोड्या वेळाने तिच्याकडून सांदणं आली. रागावलेल्या शेजारणीने शिव्या द्याव्यात. सांदणं पाठवू नयेत. ती घशाखाली उतरत नाहीत.

शुक्रवार उजाडला. दुपारी तहा, त्याचा बाप आणि त्याची आजी, असे तिघे जिना चढून वर आले. तहा नव्या कोऱ्या पांढऱ्या कपड्यांत होता. त्याला कॅमेऱ्यासमोर बसवलं. मी घसा साफ केला आणि जे होतं ते सांगून टाकलं.

तहाच्या बापाने घड्याळ बघितलं. मग बिल्किसकडे बघितलं. "मग काय करायचा? आमाला संगमेश्वरवाल्यांना उत्तर देयाचा हाय."

अलफिया दाराआड उभी होती. तिने तोंड फिरवलं, आणि मला वाटलं, मांडवीची जेट्टी इथून जवळच आहे.

"मी बघू काय, चाचा?" तहा म्हणाला.

"तुला कॉम्प्युटरातलं कळतं?"

"नाय. पण गाडीपण अशीच अडते."

त्याने बाह्या सरसावल्या. परवलीचा शब्द हवा म्हटल्यावर सगळी सभाच कामाला लागली. दादूचं नाव, गावाचं नाव, बायकोचं नाव, सगळं घालून झालं. तहा एकेक अक्षर एका बोटाने दाबायचा, लिनक्स नाही म्हणायचं, आणि तो म्हणायचा, "बरं, दुसरं सांगा." आजीने विचारलं, "हा दादू सारखा बोलतो तरी काय?" सगुणा ताडकन म्हणाली, "निष्कर्ष!" तहाने ते इंग्रजी अक्षरांत घातलं आणि दरवाजा उघडला. आम्ही टाळ्या वाजवल्या. आजीने कानशिलावर बोटं मोडली.

मग अर्धा मोडेम चढवला. लिनक्स म्हणालं, जागा शिल्लक नाही. तीन समान वाटण्यांत लिनक्सचं सामान त्याच्या वाटणीच्या काठापर्यंत भरलं होतं. खळं मात्र ओसाड पडलं होतं. तहाने पत्त्यांचे डाव एकेक करून काढून टाकले आणि जागा केली. लिनक्स म्हणालं, हा मोडेम ह्या आवृत्तीचा नव्हे. त्याने मशीनचं झाकण उघडलं, आतली धूळ फुंकली, मोडेम काढून पुसून पुन्हा बसवला. त्याचे पांढरे कपडे करडे झाले. मी तोवर तीन शिव्या दिल्या होत्या, त्यातली एक जर्मनीला.

"उजेड हवा होता जरा," टेबलाखालून आवाज आला.

कुणी सांगितलं नाही, पण अलफिया बॅटरी घेऊन वाकली.

"थोडी उजवीकडे."

"तुमच्या का माझ्या?"

"तुमच्या. नाय, थांबा. माझ्या."

"आधी ठरवा ना मग."

"ठरवतो. जरा दम धरा."

"मी धरलाय. हात दुखतोय तो बॅटरीचा."

"मग द्या इकडे, मी तोंडात धरतो."

आजी हसली. तहाच्या बापाने घड्याळ बघायचं सोडलं. ऊन भिंतीवरून उतरलं, तिकडे मस्कतच्या कॅफेत युसुफ ताटकळला असेल, आणि टेबलाखालून मधूनमधून ऐकू यायचं, "अजून एकदा बघूया, चाचा." मोडेम शेवटपर्यंत चालला नाही. तहा बाहेर आला, कोपराला खरचटलेलं, आणि मला म्हणाला, "माफ करा, चाचा. माझ्याच्यान नाय झाला."

त्याने माझी माफी मागितली!

बिल्किस उठली. "अण्णा, चला बूथवर."

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये मी तिच्यामागे उभा राहिलो, आरोपी उभा राहतो तसा. तिने मस्कतच्या कॅफेचा नंबर लावला, युसुफला बोलावून घेतलं.

"नाय, नाय दिसणार तुमाला... अवो, चालला नाय तो मशीन... अण्णांनीच काय केलानी... पोरगा? मला दिसला ना! दुपारपासून त्या मशीनसमोर हाय, कपड्यांची वाट लागली... शिवी? एक नाय दिलान. अण्णांनी तीन दिल्या." मग ती बराच वेळ ऐकत राहिली. बूथवाला मीटरकडे बघत होता, मी जमिनीकडे. तिने फोन ठेवला आणि पदराने डोळे पुसले.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाले, टगवर वीस वर्षं इंजिनापुढे बसलो. मशीन बंद पडल्यावर माणूस कसा हाय तो कळतो, चालू असताना सगळेच चांगले. आणखी काय बघायचा? हो म्हणून सांगा."

अलफियाचं लग्न ठरलं. बिर्याणीचं पहिलं ताट वर आमच्याकडे आलं. मी झाल्यागेल्याचं वाईट वाटून न घेता, शिमगा सरल्यावर कॉम्प्युटरवाल्याला बोलावून रीतसर पावतीचं विंडोज घालून घ्यायचं ठरवलं. तो जिना चढत होता तोच बिल्किसने त्याला खालीच अडवलं.

"हात लावायचा नाय त्या मशीनला. आमच्या झोयाचं व्हायचं हाय अजून."

बातमी मांडवीभर झाली. शिवा नाखव्याच्या लेकीला, सानवीला बघायला आलेल्या मुलाला "जरा अण्णांकडे जाऊन येऊया" म्हणून वर आणलं. त्याने थोड्याच वेळात कीबोर्ड आपटला आणि पोहे न खाता गेला. मग लांबलांबून येऊ लागले. वरपक्ष माझ्या खुर्च्यांवर बसतो, वधूपक्ष दाराआडून कान देतो, सगुणा चहा करून करून थकते, आणि मला माझ्या स्वतःच्या मशीनसमोर घटकाभर बसायलासुद्धा मिळत नाही. लिनक्स सर्वसामान्यांच्या घरात चालेल का, यावर दादू अजून व्याख्यानं देतो. माझ्या घरात ते न चालण्यावर पाच संसार उभे आहेत.

गेल्या रविवारी मात्र घात झाला. शिवाने सानवीसाठी मुंबईचा एक इंजिनिअर मुलगा आणला. तो बसला, त्याने चष्मा सारखा केला, काळ्या पडद्यावर भराभर काहीतरी लिहिलं, आणि चहा यायच्या आत मोडेम किंचाळला, खरखरला आणि इंटरनेट लागलं. पाठोपाठ कॅमेऱ्याचा दिवाही लागला. मी उभा राहून त्या मुलाचे हात हातात घेतले.

खोलीत मात्र कुणीतरी गेल्यासारखे सगळ्यांचे चेहरे झाले होते. शिवाने त्या मुलाला जिन्यापर्यंत पोचवलं, हात जोडले, आणि परत येऊन माझ्यासमोर बसला.

"चांगला होता रे," मी म्हणालो.

"असेल. पण कळणार कसं? शिवी द्यायची वेळच आली नाय त्याच्यावर," शिवा म्हणाला. मग त्याने त्या हिरव्या दिव्याकडे, परक्या गलबताकडे बघावं तसं बघितलं. "अण्णा, हे होतं तसं करून ठेवा बघू. बुधवारी पावस गावचा मुलगा येतोय."